कालवांच्या बांधाने खाडीकाठ सावरेल का?

प्रश्न : माझ्या बहिणीचे घर कारवारजवळ, सदाशिवगडच्या बाजूला काळी नदीच्या खाडीकाठी आहे. दर पावसाळ्यात काठ थोडा थोडा खचतो आणि दगड टाकण्यापलीकडे काही होत नाही. प्रवाळ किंवा कालवे (शिंपल्यात राहणारे ऑयस्टर) वाढवून किनारा राखता येतो असे ऐकले आहे. आपल्याकडे ते शक्य आहे का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : खाडीच्या आतील काठासाठी शक्य आहे, पावसाळी लाटांच्या थेट माऱ्यात असलेल्या खुल्या पुळणीसाठी मात्र कालवांवर विसंबू नये.

प्रवाळाचा विचार येथे सोडून द्यावा. प्रवाळखडक लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषतात, असे २०१४ मधील एका जागतिक अभ्यासात आढळले. परंतु त्यांना स्वच्छ, खारे आणि उजेड पोचणारे पाणी लागते. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशी ते मिळते, काळीच्या गढूळ मुखाशी मिळत नाही.

कालवांना मचूळ पाणी मानवते. त्यांची सूक्ष्म पिल्ले दोन-तीन आठवडे तरंगतात आणि मग कठीण जागा पाहून, विशेषतः जुन्या कालवांच्या शिंपल्यांवर, कायमची चिकटतात. अशी पिढीवर पिढी चढत गेली की खडबडीत बांध तयार होतो आणि त्यावर लाट फुटून तिचा जोर ओसरतो. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे उंची निम्मी झाली तरी मारा चौथ्या हिश्शावर येतो, आणि मंदावलेल्या पाण्यातील गाळ बांधामागे बसू लागतो. बांगलादेशातील कुतुबदिया बेटावर काँक्रीटच्या कड्यांवर कालवे वाढवून केलेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले : मागे गाळ साठला, धूप घटली आणि खारगवत समुद्राच्या दिशेने पसरले. दगडाच्या भिंतीला दुरुस्ती माणसानेच करावी लागते. जिवंत बांध मोडलेला भाग स्वतः भरून काढू शकतो, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आधी तुमच्या काठाजवळच्या खडकांवर आणि जेटीच्या खांबांवर कालवे आपोआप धरतात का, ते पाहावे. पावसाळा संपल्यावर भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात शिंपल्यांच्या माळा बांधून पिल्ले बसतात का, हेही तपासता येईल. पुराचे गोडे पाणी फार दिवस टिकणाऱ्या जागी कालवे मरतात, म्हणून जागेची निवड पावसाळा पाहिल्याशिवाय करू नये. कालवे काढून उदरनिर्वाह करणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे. बांधावरची कालवे कोणी काढायची नाहीत आणि रिकामे शिंपले चुन्यासाठी न भाजता पाण्यात परत टाकायचे, हे त्यांच्या संमतीनेच ठरले पाहिजे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार परवानगी घेणेही आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या भागाशी निगडित आहे. घाटावरून येणारी रेती आणि गाळ सुपा, कोडसळ्ळी आणि कद्रा या धरणांमागे अडतो. कालवांचा बांध आलेला गाळ धरून ठेवतो, नवा निर्माण करत नाही. त्यामुळे खाडीतून रेती उपसली जात असेल, तर तो उपसा थांबवण्याची मागणी बांधाच्या आधी करावी.