रेप (वजन एकदा वर-खाली करणं) हळू मारायचे की जोरात?

तुम्ही विचारलंय की ट्रेनर सांगतो पाच सेकंदात वर, पाच सेकंदात खाली, नाहीतर स्नायू वाढणार नाहीत, आणि तसं करायला लागल्यापासून बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) 60 किलोवरून 40 वर आलाय, तर हे बरोबर चाललंय का. माझ्या मते नाही. खाली आणताना सावकाश आणा, पण वर ढकलताना मुद्दाम हळू करणं आजच थांबवा.

मी स्वतः हे चार महिने करून बसलोय. जळजळ एवढी व्हायची की वाटायचं आता जबरदस्त रिझल्ट येणार, पण जुन्या पद्धतीवर परत आलो तेव्हा जे 80 किलो आरामात पाच वेळा जायचं ते दोनदाच गेलं, आणि खरं सांगतो, फार वाईट वाटलं होतं. जळजळ झाली म्हणजे स्नायूला पुरेसं काम मिळालं असं नसतं हो.

आपलं शरीर आधी स्नायूतले छोटे, लवकर न थकणारे तंतू कामाला लावतं आणि मोठे ताकदवान तंतू गरज पडली तरच बोलावतं. गरज तीन वेळा पडते, वजन जड असलं की, जोरात ढकललं की, किंवा सेटच्या, म्हणजे सलग मारलेल्या रेपच्या फेरीच्या, शेवटी थकवा आला की. हलकं वजन घेऊन हळूहळू वर नेलं तर पहिल्या दोन गोष्टी तुम्ही आपल्या हातानेच काढून टाकता.

2015 मध्ये व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढचा रेप जाणारच नाही इथपर्यंत, सेट मारले तर एक पूर्ण रेप अर्ध्या सेकंदाचा असो की आठ सेकंदांचा, स्नायूंची वाढ साधारण सारखीच दिसली, दहाच्या पुढे गेल्यावर मात्र ती कमी पडते असं त्यांचं म्हणणं. तुमचा रेप बरोबर दहाचा आहे, म्हणजे काठावरच. ताकदीचं वेगळं आहे. 2014 मध्ये संशोधक गोन्झालेझ-बादिलो यांच्या टीमने बेंच प्रेसवर दोन गट केले, दोघांनाही तेवढंच जड वजन, पण एक गट होईल तेवढ्या जोरात ढकलणार आणि दुसरा मुद्दाम निम्म्या वेगाने, सहा आठवड्यांनी पहिल्या गटाच्या ताकदीतली वाढ दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट होती.

आता जोरात म्हणजे बार उडवायचा असं नाही! जड सेटचा बाजूने व्हिडिओ काढून बघा, पहिला रेप एका सेकंदात वर जातो, आठवा मात्र अर्ध्यावर अडकतो, कोपर थरथरतात, बार इंच इंच सरकतो आणि तीन-चार सेकंद लागतात, तुम्ही तर तेवढाच जीव लावत असता. हा हळूपणा आपोआप आलेला आहे, तो हवाच, फक्त तो पहिल्या रेपपासून नाटक करून आणायचा नाही.

खाली येण्याची बाजू बहुतेक लोक वाया घालवतात. खाली आणताना स्नायू उचलण्यापेक्षा जास्त वजन पेलू शकतो, त्यामुळे तिथे दोन-तीन सेकंद द्या, छातीला बार टेकू द्या, आदळू नका. आदळून उसळी मिळाली की आकडा वाढतो, ताकद नाही. कर्लमध्ये (कोपर वाकवून वजन उचलताना) पाठीने झोका देणाऱ्यांचंही तेच.

नवीन माणसाला फॉर्म शिकवताना किंवा दुखापतीनंतर फिजिओने सांगितलं असेल तर दोन्ही बाजूंनी हळू करणं योग्य, तिथे मी वाद घालणार नाही. आणि टेम्पो, म्हणजे वर-खाली करायला किती सेकंद लावले ते, वहीत लिहीत जा, नाहीतर मागच्या महिन्याचे 50 आणि या महिन्याचे 50 एकच होते का ते कळणारच नाही.

लगेच 60 वर उडी मारू नका. 50 ने सुरू करा, तीन सेकंदात खाली, क्षणभर टेकवून पूर्ण जोराने वर, आठ रेप नीट गेले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा.