जुन्या फ्रेंच प्लेट्स: जेवायच्या की कपाटात ठेवायच्या?

प्रश्न : लिऑनमध्ये राहतो. इथल्या जुन्या बाजारात मागे ‘लिमोज, फ्रान्स’ असा हिरवा शिक्का असलेल्या बारा प्लेट्स घेतल्या. विकणारा त्या 1850 च्या असल्याचं सांगत होता. लिमोज हा कारखाना किती जुना आहे?

लिमोज हा कारखाना नाही, शहर आहे. जवळच्या सेंट-इरिए इथे 1760 च्या दशकात केओलिन म्हणजे पांढरी चिनी माती सापडली. त्यानंतर लिमोजमध्ये पोर्सलीनच्या भट्ट्या पेटल्या आणि पुढच्या शतकात तिथे अनेक कारखाने उभे राहिले. त्यामुळे ‘लिमोज’ या नुसत्या शब्दावरून प्लेट कुठे घडली एवढंच कळतं. कोणी घडवली आणि किती चांगली घडवली, हे त्यावरून ठरत नाही.

वयासाठी ‘फ्रान्स’ हा शब्द बघा. 1891 पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर तो बनवणाऱ्या देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. लिमोजचा बराच माल अमेरिकेत जात होता, म्हणून शिक्क्यांमध्ये हा शब्द तेव्हापासून सर्रास दिसतो. तुमच्या प्लेट्स 1850 च्या असण्याची शक्यता फार कमी. उलट बाजूने मात्र हा नियम लागू होत नाही. ‘फ्रान्स’ नसलेली प्लेट फ्रान्समधल्याच गिऱ्हाइकासाठी 1910 मध्ये बनलेलीही असू शकते.

आता हिरव्या शिक्क्याशेजारी लाल, निळा किंवा सोनेरी असा दुसरा शिक्का आहे का, ते पाहा. झिलईखालचा हिरवा शिक्का बहुतेक वेळा कोरी पांढरी प्लेट घडवणाऱ्याचा असतो आणि झिलईवरचा शिक्का ती रंगवणाऱ्याचा. दोघं वेगळे असणं नेहमीचंच होतं. लिंकन यांच्या काळात 1861 मध्ये व्हाइट हाउससाठी जो जांभळ्या कडेचा संच घेतला गेला, त्याचं पोर्सलीन लिमोजच्या हॅविलँड या कारखान्याचं होतं आणि रंगकाम न्यूयॉर्कच्या हॉवाउट या दुकानाचं. हिरवा शिक्का आहे पण रंगवणाऱ्याचा नाही, असं असेल तर बहुधा प्लेट कोरी विकली गेली आणि नंतर कोणीतरी, कदाचित घरी हौसेने, रंगवली. असं रंगकाम सुंदर असू शकतं; पण ते किती तापमानाला भाजलं गेलं याची खात्री नसते. याचा संबंध पुढच्या प्रश्नाशी आहे.

प्रश्न : अशा प्लेट्समध्ये रोजचं जेवण वाढलं तर चालेल का? शिशाची भीती वाटते. (पुणे)

भीती योग्य जागी असायला हवी. लिमोजचं कठीण पोर्सलीन झिलईसकट सुमारे 1400 अंशांवर भाजलं जातं. त्याची झिलई फेल्डस्पार या खनिजाची असते, तिला वितळवायला शिसं लागत नाही. म्हणजे पांढरा, कोरा भाग हा प्रश्न नाहीच. प्रश्न झिलईवरच्या रंगांचा आहे. ते नंतर वेगळ्या भट्टीत 700 ते 850 अंशांवर पक्के केले जातात, आणि एवढ्या कमी उष्णतेत रंग झिलईला चिकटावा म्हणून त्यात शिशाची काच मिसळलेली असे.

रंग वर आहे की खाली, हे बोटाला कळतं. डोळे मिटून नक्षीवरून बोट फिरवा. फूल किंचित उचललेलं लागलं, किंवा प्लेट उजेडात तिरकी धरल्यावर नक्षीची चमक आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळी दिसली, तर रंग वर आहे. गडद निळी पट्टी सगळीकडे सारखी गुळगुळीत असेल तर तो कोबाल्टचा निळा रंग बहुधा झिलईखाली सुरक्षित आहे.

म्हणून जेवायला प्लेट निवडताना मधला खोलगट भाग पूर्ण पांढरा आणि नक्षी फक्त कडेला असावी. मधोमध गुलाबांचा गुच्छ असलेली प्लेट कोरड्या खाऊला वापरा: शंकरपाळी, बिस्किटं, तेही तासाभरापुरतं. आपल्या जेवणात आंबट फार, आणि शिसं आंबटात सुटतं. लिंबाची फोड, लोणचं, चिंचेची आमटी, ताक घातलेली कोशिंबीर रंगीत कडेवर ठेवू नका; वेगळ्या वाटीत द्या. उरलेलं अन्न त्याच प्लेटमध्ये झाकून ठेवणं तर अजिबात नको, कारण धातू किती उतरतो हे वेळेवर अवलंबून असतं. प्रयोगशाळेतली चाचणीही 4 टक्के अॅसिटिक आम्लात 22 अंशांवर 24 तास ठेवूनच होते. युरोपीय संघाच्या 1984 च्या निर्देशात सपाट भांड्यांसाठी उतरणाऱ्या शिशाची मर्यादा दर चौरस डेसिमीटरला 0.8 मिलिग्रॅम आणि कॅडमियम या रंगांतल्या दुसऱ्या विषारी धातूची 0.07 मिलिग्रॅम आहे. घरी वापरायच्या रंग बदलणाऱ्या कांड्या पृष्ठभागावर शिसं आहे का, एवढंच सांगू पाहतात. जेवणात किती उतरेल हे नाही. संच मोठा असेल तर त्यातली सर्वांत झिजलेली एक प्लेट प्रयोगशाळेत द्या. चाचणीत तिचे रंग मंद होऊ शकतात, हे धरून चाला.

लहान मुलं आणि गरोदर बाई यांना पांढऱ्या मध्याची प्लेटसुद्धा नको, साधं ताट बरं.

आणखी एक. जिएं, काँपेर, सारगमिन या नावांची जुनी फ्रेंच भांडी बाजारात शेजारीच मांडलेली असतात. ती बहुतेक पोर्सलीन नसतात, सच्छिद्र मातीवर झिलई चढवलेली असतात, आणि जुन्या नगांच्या झिलईतच शिसं असू शकतं. दिव्यासमोर धरून मागे बोटं हलवा. पोर्सलीनमधून सावली दिसते, यातून नाही. झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर त्यात हळद आणि तेल मुरतं, मग काही केलं तरी निघत नाही. अशी भांडी भिंतीवर शोभतात.

प्रश्न : ‘सेव्र’ म्हणून विकायला असलेल्या प्लेटच्या फोटोत हिरव्या शिक्क्यावर आडवी चीर दिसते. हा दोष समजायचा का?

ती चीर मुद्दाम दिलेली असते आणि खूप काही सांगते. सेव्र या पॅरिसजवळच्या नामांकित पोर्सलीन कारखान्यात 1848 पासून कोऱ्या प्लेटवर झिलईखाली हिरव्या रंगात ‘एस’ आणि सालाचे शेवटचे दोन आकडे घालत. प्लेट न रंगवता विकली तर शिक्क्यावरून घासायच्या चाकाने चीर पाडत. त्यामुळे चीर असलेल्या प्लेटवर राजवाड्याला शोभेल असं चित्र आणि सोन्याची रेलचेल दिसली, तर ते काम कारखान्याबाहेरचं आहे. एकमेकांत गुंफलेल्या दोन ‘एल’चा निळा शिक्का तर याहूनही कमी भरवशाचा, युरोपभर त्याची नक्कल झाली. सेव्रच्या भावात ही प्लेट घेऊ नका.

प्रश्न : सोनेरी कड फिकी होत चालली आहे आणि मधे करडे ओरखडे पडलेत. कशामुळे?

कड बहुतेक धुण्याच्या यंत्रामुळे जाते. त्याची पावडर तीव्र अल्कधर्मी असते, पाणी फार गरम असतं, आणि सोन्याचा थर अत्यंत पातळ. सिंकमध्ये प्लास्टिकचं टब ठेवा, तळाला जाड टॉवेल घाला, पाणी कोमट घ्या, साध्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब पुरेत. एका वेळी एकच प्लेट धुवा. स्क्रबर, लिंबाचा साबण, भांड्यांची पावडर, काही नको. गेलेलं सोनं घरी परत येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये ठेवाल तर कडेवर ठिणग्या उडून एका मिनिटात ती काळी पडेल.

करडे ओरखडे मात्र बहुधा ओरखडे नसतातच. या झिलईपेक्षा चमच्याचं, सुरीचं स्टील मऊ असतं. घासलं गेल्यावर स्टीलच झिलईवर उरतं. खायच्या सोड्याची पाण्यात पातळ पेस्ट करून फक्त पांढऱ्या भागावर बोटाने हलकेच फिरवा, रंगाला आणि सोन्याला न लावता. हाताने जेवणाऱ्या घरात हा त्रास कमी होतो.

प्रश्न : केसासारख्या तड्यात हळदीचा डाग बसलाय. ब्लीच चालेल?

क्लोरीनचं ब्लीच नको. त्याचे क्षार तड्यात अडकून राहतात आणि नंतर झिलई उचलतात. नक्षी, सोनं आणि जुना डिंक यांपासून तडा लांब असेल तरच पुढचं करा. प्लेट दोन तास स्वच्छ पाण्यात बुडवा, म्हणजे डाग आत ओढला जाणार नाही. औषधाच्या दुकानातलं 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळा, हातमोजे घाला, कापूस भिजवून तड्यावर ठेवा आणि वाळू नये म्हणून वरून प्लास्टिकचा कागद लावा. काही तासांनी कापूस बदला. दोन-तीन दिवस लागतात. शेवटी साध्या पाण्यात भिजवून आठवडाभर वाळवा. डाग गेला तरी तडा तसाच राहतो, त्यामुळे गरम वरण त्यात वाढायचं नाही.

विकत घेतानाच तडा ओळखायचा तर प्लेट तीन बोटांच्या टोकांवर तोला आणि कडेला नखाने टिचकी मारा. धड प्लेट लांब वाजते, तडकलेली ‘ठक’ करून थांबते. लपवलेली दुरुस्ती अंधारात अतिनील टॉर्चखाली वेगळ्या रंगाने चमकते.

प्रश्न : फुटलेल्या संचात भर कशी घालावी, आणि मुंबईला कसा आणावा?

हॅविलँडच्या बहुतेक नक्ष्यांना प्लेटवर नाव नसतं. संग्राहक श्लायगर क्रमांक, म्हणजे हॅविलँडच्या नक्ष्यांच्या यादीतला क्रमांक, वापरतात, तो शोधून त्याच क्रमांकाने मागणी करा. नक्षी जुळली तरी मोजमाप विचारा. जुनी जेवणाची प्लेट साधारण 24 सेंटिमीटरची, आजची 27 ची. जवळ ठेवल्यावर खटकतं. पांढऱ्याच्याही निळसर ते सायीच्या रंगापर्यंत छटा असतात, तेव्हा दिवसाच्या उजेडातला फोटो मागवा.

रचून ठेवताना दोन प्लेट्समध्ये सुती कापड किंवा फेल्ट घाला, कारण वरच्या प्लेटच्या बुडाची बिनझिलईची कड खालच्या सोन्यावर घासते. आठापेक्षा उंच चळत नको. प्रवासाला प्रत्येक प्लेट आधी पांढऱ्या टिश्यूत, मग फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा; प्लास्टिक थेट सोन्याला लागलं तर दमट हवेत वळ उठतात, आणि वर्तमानपत्राची शाई बुडाच्या कोऱ्या कडेत उतरते. खोक्यात प्लेट्स आडव्या रचू नका, कडेवर उभ्या लावा. खाली-वर पाच सेंटिमीटर मऊ भरण घाला आणि खोकं हलवून बघा: आतून आवाज आला तर पुन्हा उघडून भरा.