ॲल्युमिनियमचे पार्ट व्हायब्रोतून काळे का निघतात?

प्रश्न: सर, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. १०० लिटरची व्हायब्रो मशीन (थरथरवून पार्ट घासून गुळगुळीत करणारी) आहे, सिरॅमिक चिप्स (घासायचे छोटे खडे) वापरतो. एमएसचे (माइल्ड स्टीलचे, म्हणजे साध्या लोखंडाचे) पार्ट छान येतात पण ॲल्युमिनियमचे काळपट निघतात, हाताला काळं लागतं. वेळ वाढवून पाहिला तर अजूनच काळे. वरून आता ८ एमएमच्या भोकात चिप्स अडकायला लागल्यात, आधी असं होत नव्हतं. पार्टी माल परत पाठवतेय.
– एक वाचक, भोसरी

उत्तर: दादा, सगळ्यात आधी वेळ वाढवणं थांबवा. तुम्ही एमएस आणि ॲल्युमिनियम एकाच चिप्समध्ये फिरवताय ना, तिथेच निम्मा घोळ आहे, कारण लोखंडाची बारीक भुकटी चिप्सच्या अंगात बसते आणि मऊ ॲल्युमिनियमवर घासली जाते. ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या चिप्स ठेवा, जमलं तर प्लास्टिकच्या, त्या मऊ असतात, पार्टला मार कमी लागतो. मशीन तीच चालेल पण आतून नीट धुऊन घ्या.

उरलेला निम्मा घोळ पाण्याचा. बऱ्याच ठिकाणी तेच पाणी टाकीतून दिवसभर फिरवतात, पाण्याचे आणि कंपाउंडचे (पाण्यात मिसळायच्या साबणासारख्या द्रावणाचे) पैसे वाचतात म्हणून, आणि ते गढूळ पाणीच पार्टवर काळा थर बसवतं. ताजं पाणी बारीक धारेने वरून सोडा, खालून सतत निघू द्या, आत साचलं तर चिप्सची चाल मंदावते. कंपाउंड लिटरला १० ते २० मिली, पण ॲल्युमिनियमला चालणारं, पीएच ७ च्या आसपासचं, म्हणजे ना आम्ल ना अल्कली. एमएसचं अल्कलीवालं कंपाउंड ॲल्युमिनियमला खातं आणि काळं पाडतं, तुम्ही वेळ वाढवल्यावर जास्त काळं झालं त्यात याचाही हात असणार. पीएच पट्टी लावून बघाच.

भोकांचं म्हणाल तर चिप्स झिजल्यात. नव्या होत्या तेव्हा भोकात जातच नव्हत्या, झिजून झिजून बरोब्बर ८ एमएमच्या जवळ आल्या की अडकणारच. दर आठवड्याला चाळून बारीक झालेल्या बाजूला काढा, फेकू नका, बिनभोकाच्या पार्टला चालतात.

भरताना चिप्स आणि पार्ट मिळून ८०-८५ लिटर, त्यात आकारमानाने ४ भाग चिप्स आणि १ भाग पार्ट, म्हणजे पार्ट साधारण १६ लिटरच. जास्त माल कोंबला की पार्ट एकमेकांवर आपटून ठोके पडतात.

आणि दादा, तो गाळ आणि ते पाणी कृपा करून गटारात सोडू नका, पवना-इंद्रायणीची अवस्था तुम्ही रोज बघताय. गाळ बसू द्या, वेगळा साठवा आणि प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्या.

आता पूर्ण लॉट घालू नका. स्वच्छ चिप्स, ताजं पाणी, १० पार्ट टाका, २० मिनिटांनी एक काढून धुवा आणि पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं झालं तर आधी कंपाउंड बदला, मशीनची थरथर कमी-जास्त करणाऱ्या वजनांना हात लावू नका.