विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावेत असे तुमचे आवडते चित्रपट कोणते?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की परीक्षा संपल्या आहेत, वर्गातल्या पाच-सहा जणांनी मिळून सुट्टीत सिनेमे बघायचं ठरवलंय, आणि 'प्रेरणादायी' सुचवू नका, ते सगळे बघून झालेत. ही शेवटची अट वाचली आणि म्हटलं, याला उत्तर द्यायलाच हवं.

वसतिगृहात असताना आमचाही असाच एक कंपू होता. दर शनिवारी रात्री एकाने सिनेमा निवडायचा आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता बघायचा. सुरुवातीला आम्हीही प्रेरणेच्याच मागे होतो. हरलेला माणूस, पावसातली धावाधाव, शेवटी टाळ्या. बघून उठलं की अंगात वारं संचारायचं. पहाटे पाचचा गजर लावून झोपायचो आणि नऊला उठायचो. पुढे लक्षात आलं की त्या सिनेमांवर आम्ही कधी धड दहा मिनिटंही बोललो नाही. ज्यांच्यावरून दोन-दोन वाजेपर्यंत एकमेकांवर ओरडलो, ते सिनेमे वेगळेच होते. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे: दिवा लागल्यावर खोलीत भांडण झालं पाहिजे.

सुरुवात 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'ने (1957) करा. काळा-पांढरा आहे म्हणून नाक मुरडणारा एक जण प्रत्येक गटात असतोच, त्याला सांगा की फक्त 96 मिनिटं आहेत. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा, त्याचा फैसला करायला एका खोलीत बसलेले बारा ज्युरी, बाहेर प्रचंड उकाडा. पहिल्या मतदानात अकरा जण 'दोषी' म्हणतात, एक जण 'नाही' म्हणतो. तो पोरगा निर्दोष आहे असंही त्याचं म्हणणं नसतं. एखाद्याला मरणाच्या दारात पाठवण्याआधी थोडं बोलू या, एवढंच तो म्हणतो. जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका खोलीत घडतो, तरी जागचं हलवत नाही.

दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा हा पहिलाच चित्रपट, आणि त्याने यात एक गंमत करून ठेवली आहे. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या जरा वर असतो, मग नजरेच्या पातळीवर येतो आणि शेवटच्या भागात खाली उतरतो. त्यामुळे मागाहून छत दिसू लागतं. लेन्सही बदलत जातात, भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात. पहिल्यांदा बघताना हे कळत नाही, नुसतं गुदमरायला होतं. दुसऱ्यांदा बघताना मी फक्त छताकडे लक्ष ठेवलं होतं. (बासू चटर्जींनी 1986 मध्ये 'एक रुका हुआ फैसला' नावाने तो हिंदीत केला. तोही चांगला आहे, पण आधी मूळ बघा.)

आणि खरी मजा पुढे आहे. याच्या दुसऱ्याच दिवशी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) लावा. ही जोडी मी योगायोगाने लागोपाठ पाहिली आणि आठवडाभर डोक्यातून गेली नाही. पहिल्या सिनेमात एक माणूस शांतपणे तर्क मांडत राहतो आणि खोली हळूहळू बदलते. 'कोर्ट'मध्ये तर्काला तारीख मिळते. नारायण कांबळे या म्हाताऱ्या लोकशाहिरावर आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. खटला उभा राहतो, लांबतो, पुढची तारीख पडते. कोणी खलनायक नाही. कॅमेरा सरकारी वकीलबाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो, तिथे त्या तुमच्या-आमच्या आईसारख्या स्वयंपाकाला लागतात. गीतांजली कुलकर्णींनी ही भूमिका अशी केली आहे की त्यांचा राग येतच नाही, आणि राग न येण्याचाच त्रास होतो.

'कोर्ट' संथ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो आणि महत्त्वाचं बोलणं संपल्यावरही तो तिथेच थांबतो. आमच्यातल्या एकाने विसाव्या मिनिटाला विचारलं, "सुरू कधी होणार?" तासाभराने तोच पुढे सरकून बसला होता. व्हेनिसच्या महोत्सवात याला दोन पुरस्कार मिळाले, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण पुरस्कारांमुळे सिनेमा बघावासा वाटतो असा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुम्ही त्या वीस मिनिटांची तयारी ठेवा.

'फँड्री' बहुतेकांनी पाहिलेला असतो, निदान पाहिल्याचं सांगतात तरी. नागराज मंजुळेंचा हा पहिला मोठा चित्रपट, चित्रपटगृहांत आला 2014 च्या फेब्रुवारीत. तुम्ही शाळेत असताना प्रेमकथा म्हणून पाहिला असेल तर आता पुन्हा बघा. डुक्कर पकडायची धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सिनेमाचा शाळकरी नायक जब्या, त्याचा बाप, सगळे जागच्या जागी थिजून उभे राहतात. आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा या प्रसंगाला दोघे हसले होते. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. पुढे मेलेलं डुक्कर उचलून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रं दिसतात. कोणी काही बोलत नाही, कॅमेरा नुसता बघत राहतो. शेवटाबद्दल लिहीत नाही. ज्याने पाहिलाय त्याला माहीत आहे तो दगड कुठे येऊन लागतो.

आता माझा सगळ्यात लाडका. अब्बास किआरोस्तमींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' (1987), इराणी. गोष्ट सांगितली तर तुम्ही म्हणाल, यात काय आहे? आठेक वर्षांच्या अहमदच्या दप्तरात चुकून शेजारच्या मुलाची वही येते. त्या मुलाला मास्तरांनी बजावलेलं असतं की पुन्हा वहीत गृहपाठ दिसला नाही तर शाळेतून काढून टाकीन. म्हणून वही आजच्या आज परत करायची. मित्र शेजारच्या गावात राहतो, घर माहीत नाही, आई जाऊ देत नाही. बस, एवढंच.

पण त्या पोराचा चेहरा! मोठी माणसं त्याचं बोलणं ऐकतात, पण त्यांना ऐकू येत नाही. आजोबा त्याला सिगारेट आणायला पिटाळतात आणि मग शेजारच्या म्हाताऱ्याला सांगतात की सिगारेट तर खिशात आहेत, पोराला शिस्त लागावी म्हणून पाठवलं. याच प्रसंगावरून आमच्यात जोराचं वाजलं होतं. एक जण म्हणाला, माझे आजोबा अगदी असेच आणि त्यांच्यामुळेच मी सुधारलो. दुसरा उठून बाहेरच गेला. दीड तासाहून लहान सिनेमा, हाणामारी नाही, आणि दोन मित्र चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. शिस्त आणि आज्ञाधारकपणा यांत फरक काय, हा प्रश्न मला कोणत्याही तासाला पडला नव्हता, तो या सिनेमाने टाकला. शेवटचं दृश्य काही सेकंदांचं आहे. उठून जाऊ नका.

माझी एक फसलेली निवडही सांगून टाकतो. अकिरा कुरोसावांचा 'इकिरू' (1952) मी परीक्षेच्या आठवड्यात लावला होता. दोन तास तेवीस मिनिटं, जपानी, आणि नायक म्हणजे कागदांच्या ढिगाऱ्याआड तीसेक वर्षं शिक्के मारत बसलेला सरकारी अधिकारी, ज्याला कर्करोग झाल्याचं कळतं. अर्ध्या तासात दोन जण घोरायला लागले. चूक माझी होती. हा सिनेमा रिकाम्या दिवशी, दुपारी, पोट हलकं असताना बघायचा. पण बघायचाच. कारण त्यात कुरोसावा एक विलक्षण गोष्ट करतात: सिनेमा बराच शिल्लक असताना नायक मरतो. उरलेल्या भागात त्याचे सहकारी त्याच्या फोटोसमोर बसून दारू पितात आणि त्याने केलेल्या कामाचं श्रेय कोणाचं यावर वाद घालतात. गटाने प्रकल्प करून ज्याचं नाव शेवटून पहिलं लागलंय, त्याला हा भाग फार जवळचा वाटेल.

हलकंफुलकं काही हवं असेल तर परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009). दादासाहेब फाळक्यांनी 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' कसा केला, त्याची ही गोष्ट. काम करायला बाई मिळेना म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, एक स्वयंपाकी. तुमच्यापैकी कुणाला लघुपट करायचा असेल आणि तो 'आपल्याकडे कॅमेराच चांगला नाही' म्हणत वर्षभर बसून असेल, तर त्याला समोर बसवून दाखवा. त्याला जोडून सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (1955) दाखवलात तर उत्तम. त्याचं छायाचित्रण करणाऱ्या सुब्रत मित्रांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा हाताळलाच नव्हता. आगगाडीच्या प्रसंगातला तो काशफुलांचा माळ आठवतोय? एक दिवस चित्रण करून मंडळी परत आली, पुढच्या वेळी गेली तर गुरांनी फुलं फस्त केली होती. पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं.

शेवटी 'व्हिपलॅश' (2014), हे खास विद्यार्थ्यांसाठी ठेवलेलं दारूगोळ्याचं कोठार. संगीत शाळेतला एक ड्रमवादक मुलगा आणि त्याला शिव्या घालून, थोबाडीत मारून, खुर्ची फेकून शिकवणारा फ्लेचर. दिग्दर्शक डेमियन शझेलला शाळेत असताना जॅझ बँडमध्ये कडक शिक्षक भेटले होते, त्या अनुभवातून हे सुचलं. अवघ्या 19 दिवसांत चित्रीकरण उरकलेलं, आणि संकलन असं की शेवटची दहा मिनिटं तुम्ही श्वास रोखून बसता. फ्लेचर झालेल्या जे. के. सिमन्सना ऑस्कर मिळालं, ते मिळणारच होतं.

भांडण अर्थातच यावर होतं की फ्लेचर बरोबर की चूक. माझा खोलीतला मित्र पहिल्या दिवसापासून फ्लेचरच्या बाजूचा. त्याचा हुकमी एक्का म्हणजे सिनेमात फ्लेचर सांगतो ती गोष्ट: तरुण जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वाजवताना चुकला तेव्हा ड्रमवादक जो जोन्सने त्याच्या डोक्याच्या दिशेने झांज भिरकावली, आणि त्या अपमानातूनच पुढे महान पार्कर घडला. मी बरेच दिवस यावर निरुत्तर होतो. मग कधीतरी वाचनात आलं की जोन्सने झांज त्याच्या पायापाशी जमिनीवर टाकली होती. 'पुरे आता' म्हणून घंटा वाजवावी तशी. डोकं वगैरे फ्लेचरने रचलेलं. मी धावत जाऊन मित्राला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पायापाशी पडली तरी पार्कर घरी जाऊन घासतच बसला ना?"

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि परभाषेतले सिनेमे मूळ आवाजात, उपशीर्षकं लावून बघा. डबिंगमध्ये अहमदचा आवाज गेला तर सिनेमाच गेला. 'व्हिपलॅश' झाल्यावर तुमच्या गटात किती जण फ्लेचरच्या बाजूने निघाले ते खाली प्रतिक्रियेत जरूर लिहा. आमच्याकडे अजून तीन विरुद्ध तीन आहे आणि तो मित्र आता स्वतः शिकवायला लागलाय.