आंतरराष्ट्रीय घडामोडींत वृत्तमाध्यमांची भूमिका काय असते? ती सरकारांना भाग पाडतात, की सरकारं त्यांना वापरून घेतात?

वापरून घेतात. बहुतेक वेळा तर सांगावंही लागत नाही, माध्यमं आपणहून हजर असतात. पंधरा वर्षं एका दैनिकात परदेशाचं पान लावलंय, म्हणून ठासून बोलते. 'चौथा स्तंभ', 'सीएनएन इफेक्ट' (टीव्हीवरची दृश्यं सरकारांना पाऊल उचलायला भाग पाडतात, हा सिद्धांत) वगैरे कुठेही वाचायला मिळेल. मला एका शब्दाबद्दल लिहायचंय.

५ फेब्रुवारी २००३. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत इराकविरुद्ध पुरावे मांडत होते. उपग्रहचित्रं, चोरून ऐकलेली संभाषणं, ट्रकवरच्या फिरत्या प्रयोगशाळांची रेखाटनं. हो, रेखाटनं, फोटो नव्हेत. आणि ती पुडीची कुपी. मी त्या रात्री डेस्कवर होते. वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तुकड्यातुकड्यांनी येत होती आणि तिच्यात जागोजागी 'पॉवेल म्हणाले', 'त्यांच्या म्हणण्यानुसार' होतं. मी मथळा दिला, 'इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचा पॉवेल यांचा दावा'.

वृत्तसंपादकांनी पान पाहिलं. "लांबतोय. आणि 'दावा' काय? अगं, माणूस अख्ख्या जगासमोर पुरावे ठेवतोय. 'दावा' म्हटलं की बातमीतली हवाच जाते."

"उद्या खोटं निघालं तर, सर?"

"तर उद्या तशी बातमी देऊ."

छापून आलं, 'इराकची महासंहारक अस्त्रे उघड'. फोटोओळीचंही तेच. कुपीत अँथ्रॅक्स नव्हतंच. चमचाभराहून कमी पूड किती घात करू शकते हे सांगताना त्यांनी ती नमुन्याची कुपी हातात धरली होती. मी तसं लिहिलं होतं. अंकात आलं, 'पॉवेल यांच्या हातातील अँथ्रॅक्सची कुपी'. म्हणजे आमच्या वाचकांच्या लेखी हे गृहस्थ जीवघेणे जंतू घेऊन सुरक्षा परिषदेत आले होते!

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २० मार्चला हल्ला झाला. सरांचा तो 'उद्या' २००४च्या शरद ऋतूत उजाडला. अमेरिकेच्याच शोधपथकाने अहवाल दिला की इराककडे अशा अस्त्रांचे साठे नव्हते. फिरत्या प्रयोगशाळांची माहिती ज्या इराकी खबऱ्याकडून आली, त्या 'कर्व्हबॉल'ने २०११ मध्ये स्वतःच कबूल केलं की आपण ते रचलं होतं. खुद्द पॉवेल यांनी २००५ मध्ये ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचं सांगितलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ मे २००४ रोजी आपल्या इराकविषयक बातम्यांत कसर राहिल्याची कबुली छापली, तीही आतल्या पानावर. अहवालाची बातमी आमच्याकडे तळाला, एका कॉलमात गेली. मीच लावली.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी हा विषय काढला. काढायला नको होता, पण काढला. ते हसले. "आपल्या मथळ्यामुळे युद्ध झालं का गं? आणि सगळ्यांनीच तसं छापलं होतं." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. ते आत्ता देते.

सगळ्यांनी नव्हतं छापलं. 'नाईट रिडर' या अमेरिकी वृत्तसमूहाचे वॉशिंग्टनमधले बातमीदार २००२ पासूनच शंका मांडत होते, कारण ते मंत्र्यांच्या पत्रकार परिषदांवर न विसंबता खालच्या अधिकाऱ्यांशी बोलत होते. आणि एका मथळ्याने युद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण एकच कॉपी जगभरच्या डेस्कांवर जाते आणि प्रत्येक डेस्क जागेअभावी तोच एक शब्द उडवतो, तेव्हा वाचकापर्यंत आरोप पोचतच नाही, थेट निकाल पोचतो.

शब्द उडवण्याची किंमत प्रशिया या जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्क याला पक्की माहीत होती. जुलै १८७० मध्ये एम्सहून प्रशियाच्या राजाची तार आली. बिस्मार्कने ती अशी छाटून वर्तमानपत्रांना दिली की राजाने फ्रेंच राजदूताला हाकलून लावलं असं वाटावं. त्यात फ्रेंच वृत्तसंस्था आवासने जर्मन 'अडजुटांट' हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला. जर्मनमध्ये तो राजाच्या तैनातीतला मोठा अधिकारी, फ्रेंचमध्ये हवालदाराच्या तोडीचा. आपल्या राजदूताला हवालदाराकरवी निरोप? पॅरिस भडकलं. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं. दोन्ही बाजूंना युद्ध हवंच होतं, हे खरं. तरी ठिणगी छापखान्यातून गेली.

आता थोडं माझ्याविरुद्धही लिहिते, नाहीतर कुणीतरी विचारेलच. ९ एप्रिल २००३ला बगदादच्या फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पडला, तेव्हा 'जनतेने पुतळा पाडला' ही ओळ माझीच होती. तो ओढला अमेरिकी मरीन्सच्या गाडीने, आणि दुरून घेतलेल्या फोटोंत बराचसा चौक रिकामा दिसतो. मी जवळून घेतलेला फोटो लावला. त्या दिवशी माझ्यावर कुणी दबाव आणला नव्हता.

आणि चुकीची बातमी कधी भलंही करून जाते. ९ नोव्हेंबर १९८९ला पूर्व बर्लिनच्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते गुंटर शाबोव्स्की पश्चिमेकडे जाण्यासाठीच्या प्रवासाचे नवे नियम कधीपासून लागू या प्रश्नावर गडबडले आणि 'ताबडतोब' म्हणून बसले. नियम दुसऱ्या दिवसापासूनचे होते, शिवाय व्हिसासाठी अर्ज करायचा होता. वृत्तसंस्थांनी सीमा खुली झाल्याचं जाहीर केलं, ते ऐकून लोक नाक्यांवर जमले आणि मध्यरात्रीच्या आत बर्लिनच्या भिंतीवरचा बोर्नहोल्मर श्ट्रासचा नाका खरोखर उघडला. सर असते तर हेच उदाहरण माझ्या तोंडावर मारलं असतं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचा 'भाग पाडतात' हा अर्धा भागही अगदीच खोटा नाही.

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर एक करा. कुठल्याही संघर्षाची बातमी घ्या आणि मथळ्यातलं क्रियापद कोणाचं आहे ते बघा. हल्ला झाल्याचं कोण म्हणतंय? आकडा कोणाचा? हे मथळ्यात नसेल, तर ते कुणीतरी काढलंय. आणि कधी डेस्कवर बसलात, तर जागा नाही हे कारण ऐकून घेऊ नका. त्या रात्री पान गेल्यावर मी माझा मथळा दोन पॉइंट लहान करून पुन्हा लावून पाहिला होता. 'दावा'सकट बसत होता.