मैत्रीण गेली, सुट्टी उरली

प्रश्न : यंदा दहावीची परीक्षा दिली. माझी जिवाभावाची मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेली. रोज मेसेज होतात, पण 'जेवलीस का', 'हो, तू' याच्या पुढे गाडी सरकत नाही. सुट्टीत मी इंग्रजी 'समर नॉव्हेल्स'चा फडशा पाडतेय. त्यांत मैत्रिणी भांडतात, दुरावतात आणि ऑगस्टपर्यंत सगळं जुळून येतं. माझ्याच बाबतीत असं का होत नाही? – एक वाचक, सातारा

उत्तर : अगं, ऑगस्टपर्यंत जुळतं, कारण लेखिकेला पुस्तक संपवायचं असतं! अमेरिकेत शाळा मे-जूनमध्ये सुटतात आणि ऑगस्टात, काही ठिकाणी सप्टेंबरात भरतात. कादंबरीला आयतं कुंपण मिळतं. शाळा सुटली की पहिलं पान, नवं वर्ष दारात आलं की शेवटचं. नागपूर मात्र ऑगस्टात साताऱ्याजवळ सरकत नाही.

माझीही एक मैत्रीण आठवीत अशीच गेली, चंद्रपूरला. तेव्हा निळी अंतर्देशीय पत्रं होती. तिच्या पहिल्या पत्रात घडीच्या कडांवरसुद्धा मजकूर होता. डिंक लावायच्या पट्टीवर लिहिलेलं एक वाक्य तर फाटून निम्मं गेलं, ते मी महिनाभर जुळवत बसले होते. आठव्या-नवव्या पत्रापर्यंत अर्धा कागद कोरा आणि खाली 'बाकी सर्व क्षेम'. तुमचं 'जेवलीस का' म्हणजे आमचं 'बाकी सर्व क्षेम', दुसरं काही नाही.

तू काय काय वाचलंस ते लिहिलं नाहीस, म्हणून अंदाजाने सांगते. मॉर्गन मॅटसनची 'सिन्स यू हॅव बीन गॉन' (2014) हाती लागली नसेल तर आधी ती मिळव. एमिली बुजरी, तिची मैत्रीण स्लोन बिनधास्त. सुट्टीच्या तोंडावर स्लोन घरच्यांसकट गायब होते. ना फोन, ना पत्ता. मग टपालाने येते फक्त एक यादी. तेरा कामं, सगळी एमिलीला घाम फोडणारी : रात्री सफरचंदं तोडायला जा, उजाडेपर्यंत नाच वगैरे. एमिली यादी हातात घेते ती स्लोन परत यावी म्हणून. अर्ध्यावर केव्हातरी ती ते स्वतःसाठी करू लागते, आणि लेखिका हे कुठेही घोषणा करून सांगत नाही. शेवट फोडत नाही. एवढंच सांगते की जिच्या सावलीत आपण सुखाने बसलो होतो, तिला ऊन लागत होतं का, हे एमिलीने कधी विचारलंच नव्हतं. तुझ्या नागपूरकरणीला नव्या शाळेची भीती वाटतेय का, हे विचारलंस?

अ‍ॅन ब्रॅशेअर्सची 'द सिस्टरहुड ऑफ द ट्रॅव्हलिंग पँट्स' (2001) बहुधा वाचली असशील. चौघी मैत्रिणींना नेमकी बसणारी एकच जुनी जीन्स, ती वापरायचे दहा नियम (पहिलाच, धुवायची नाही; आमच्या आईने घरात घेतली नसती), आणि ती टपालाने फिरत राहते. लीना ग्रीसला सँतोरिनीत, ब्रिजेट मेक्सिकोत फुटबॉलच्या शिबिरात, कारमेन वडिलांकडे. सगळ्यांना ग्रीस आवडतं. मला आवडते ती कुठेच न गेलेली टिबी. घरी राहून दुकानात नोकरी करणारी, जगावर वैतागलेली. तिला गावातल्या रटाळ लोकांवर टिंगलीची फिल्म काढायची असते. तिथे बेली नावाची बारा वर्षांची, ल्युकेमिया झालेली मुलगी तिच्या मागे लागते. टिबीने ज्याला बावळट ठरवलेलं असतं, त्या व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाच्या शेजारी बेली उभी राहते आणि त्याला खरेखुरे प्रश्न विचारते. बस, एवढंच. पण त्यानंतर टिबीचा कॅमेरा टिंगल करायचं विसरतो. हा उन्हाळा सँतोरिनीपेक्षा मोठा वाटला मला.

आणि एक चित्रकादंबरी, 'धिस वन समर' (2014). मारिको आणि जिलियन तमाकी या चुलतबहिणींची, कॅनडातली, सगळी निळसर जांभळ्या शाईत. रोझ आणि विंडी दर सुट्टीत एकाच किनाऱ्यावर भेटतात. विंडी दीडेक वर्षाने लहान. भयपट आणतात, वाळू उकरतात, सगळं नेहमीसारखं. पण रोझला दुकानातला मोठा मुलगा आवडू लागलाय, आणि त्याच्या अडचणीत सापडलेल्या मैत्रिणीलाच ती वाईट ठरवते. विंडीला ते खटकतं आणि ती तोंडावर बोलून दाखवते. भांडण म्हणावं तर नाही. समेटाचं भाषणही नाही. तुला ऑगस्टचा राग आला असेल तर हे पुस्तक वाच.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी 'वी वेअर लायर्स' वाचते आहे. त्यात एक 'पाटील' आहे म्हणे, खरं का? आणि स्वतःच्या बेटावर उन्हाळा काढणाऱ्या अमेरिकन धनिकांच्या पोरांकडून आमच्या इचलकरंजीच्या मुलीने काय घ्यायचं? – एक पाटील, इचलकरंजी

उत्तर : आहे, साहेब. गॅट पाटील. भारतीय वंशाचा, न्यूयॉर्कचा. आडनाव बघून पुरणपोळी शोधू नका. पाटील कर्नाटकातही असतात आणि पुस्तक त्या तपशिलात जात नाही. ई. लॉकहार्टची ही कादंबरी 2014ची. सिंक्लेअर घराण्याचं मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ खाजगी बेट. आजोबा, तीन मुली, नातवंडं. गॅटचा काका एड हा त्या तीन मुलींपैकी एकीचा जोडीदार, म्हणून गॅट तिथे. तो, आजोबांची नात केडन्स आणि तिची दोन मावसभावंडं हे चौकडीचे मित्र. ही मुलं उन्हाळे आकड्यांनी मोजतात. गॅट येतो तो 'आठवा उन्हाळा'.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हा पाटीलच. बेटावर सगळे त्याच्याशी गोड वागतात, पण तो घरचा नाही हे आजोबांच्या नजरेत त्याला दिसतं आणि केडन्सला दिसत नाही. मित्राला जे दिसतं ते आपल्याला का दिसत नाही, यावर ती पोर हळूहळू येते. श्रीमंतीचं कौतुक त्यात नाही, उलट मृत्युपत्रावरून होणारी तीन बहिणींची ओढाताण वाचताना तुम्हाला गावाकडची वाटणी आठवेल. मुलीच्या हातून पुस्तक काढून घेऊ नका. शेवट मात्र जड आहे. ती वाचून झाली की तुम्ही वाचा आणि त्या दिवशी जेवताना टीव्ही बंद ठेवा.

प्रश्न : जेनी हानच्या 'द समर आय टर्न्ड प्रिटी' या कादंबरीमालेवरून, म्हणजे नायिकेने दोन भावांपैकी कोणाला निवडावं यावरून, घरात दोन तट पडलेत. मी टीम कॉनरॅड, बहीण टीम जेरेमाया. तुम्ही कुठल्या टीममध्ये? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टीम लॉरेल आणि सुझॅना. नायिकेची आई आणि त्या दोन भावांची आई. वर्षानुवर्षं सुझॅनाच्या समुद्रकाठच्या घरी एकत्र उन्हाळा काढणाऱ्या दोन मैत्रिणी. दुसऱ्या भागात सुझॅना उरत नाही. तो भाग आता पुन्हा वाचा आणि दोघा भावांना जरा बाजूला ठेवून लॉरेलकडे लक्ष द्या. मग आपल्या आईला विचारा, तिची सुझॅना कोण होती आणि आता कुठे असते.