खाजेवर तेल? आधी केस उलटे सारून बघा
दादा, कुत्रा खाजवतो म्हणून त्याला पाजायला तेलाची बाटली आणण्याआधी त्याच्या शेपटीच्या बुडाशी केस उलटे सारा. मिरपूड सांडल्यासारखं दिसलं तर ओल्या कापसावर चोळा. तांबूस डाग उमटला की पिसवा समजा, तिथं तेल काय करणार? पावसाळ्यात कृष्णाकाठी हिंडून आमच्या कारवानी जातीच्या कुत्र्याला गोचिडांनी पोखरलं होतं आणि मी महिनाभर जवसाचं तेल पाजत बसलो! जवसातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या अंगी फारसं लागत नाही; पिसवा-गोचिडं नसतील आणि तेल द्यायचंच असेल तर माशाचं घ्या. कॉड लिव्हर, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, मात्र नको, त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व अंगात साठतं. मात्रा डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या, सुरुवात थेंबांनी, नाहीतर हगवण ठरलेली. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. कानाला घाण वास येत असेल तर तेवढं थांबू नका, आजच दाखवा.